पुस्तकाचा पत्ता कोण ठरवतं?

दोस्तांनो, लातूरची गंजगोलाई तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? लातूरकर मुलांनी हात वर करू नयेत, तुम्ही तर ती येता-जाता पाहता! बाकीच्यांसाठी सांगतो. मधोमध जगदंबा देवीचं मंदिर, त्याभोवती गोल बाजारपेठ आणि त्या गोलाला येऊन मिळणारे तब्बल १६ रस्ते. निजामाच्या राजवटीत ही पेठ आखली गेली. तिची खरी गंमत अशी, की एकेका रस्त्यावर एकेका मालाची दुकानं. सोनं-चांदी एका बाजूला, कापड दुसऱ्या, चपला-बूट तिसऱ्या. गावाहून प्रथमच आलेल्या माणसालाही एकदा रस्ता कळला, की दुकान आपोआप सापडतं.

पण आता सांगा, मोबाइलचं कव्हर यातल्या कुठल्या रस्त्यावर मिळायला हवं? पेठ आखली तेव्हा मोबाइल नावाची वस्तूच नव्हती. म्हणजे नवा माल आला, की जुन्या आखणीत त्याला जागा शोधावी लागते. कधी दुकानं सरकतात, कधी नवी ओळ तयार होते.

ग्रंथालयाचंही अगदी असंच असतं. तिथे हजारो पुस्तकं असतात आणि प्रत्येकाला एक पत्ता द्यावा लागतो. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, विषय, प्रकाशक, साल, कपाटातली जागा या सगळ्याची नोंद जिथे असते, तिला ‘तालिका’ म्हणतात. तालिका म्हणजे पुस्तकांची गंजगोलाईच म्हणा ना! ही तालिका कशी करायची याचे नियम आहेत. तुम्हाला वाटेल, नियम म्हणजे कायमचे, दगडावर कोरलेले. छे! हे नियम गेली सव्वादोनशे वर्षं सतत बदलत आले आहेत. आणि नियम चुकला, तर पुस्तक कपाटात असूनही हरवतं. कसं, ते बघू या.

पत्त्यांच्या पाठीवर पुस्तकं!

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये. १७८९ साली तिथे राज्यक्रांती झाली. मठांमधली, सरदारांच्या वाड्यांतली पुस्तकं सरकारने ताब्यात घेतली. आता एवढ्या ढिगाऱ्यात काय काय आहे, हे कळणार कसं? १७९१ साली सरकारने देशभरासाठी नोंदीचे नियम काढले. त्यात नोंदी कशावर करायला सांगितल्या असतील? खेळण्याच्या पत्त्यांवर! त्या वेळी पत्त्यांची मागची बाजू कोरी असायची. पत्ते जाड, एकाच आकाराचे आणि कुठेही सहज मिळणारे. बदामच्या राजाच्या पाठीवर एक पुस्तक, चौकटच्या दश्शीच्या पाठीवर दुसरं! शिवाय पत्ते हवे तसे लावता येतात, मध्येच एक नवा घालता येतो. वहीत हे जमत नाही. वहीत एकदा ओळ लिहिली, की ती तिथेच.

तुमच्या आई-बाबांना विचारा, कॉलेजच्या ग्रंथालयात छोट्या छोट्या खणांचं एक लाकडी कपाट होतं का? त्या खणांत जाड कार्डं असत, साडेसात सेंटिमीटर बाय साडेबारा सेंटिमीटरची. खाली एक भोक आणि त्यातून गेलेली सळई, म्हणजे कोणी कार्ड काढून नेऊ नये! ती कार्डं म्हणजे त्या पत्त्यांचीच नातवंडं.

९१ नियमांचा माणूस

दुसरी गोष्ट लंडनची. अँतोनियो पानिझ्झी हा मूळचा इटालियन. तिथल्या जुलमी राजवटीविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून त्याला देश सोडून पळावं लागलं आणि त्याच्या माघारी त्याला फाशीची शिक्षाही सुनावली गेली. हा माणूस पुढे इंग्लंडमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात लागला आणि त्याने सहकाऱ्यांबरोबर बसून तालिकेचे ९१ नियम तयार केले. १८४१ साली ते छापले गेले.

लोक म्हणाले, एवढे नियम कशाला? पुस्तक घ्यावं, नाव लिहावं, झालं! पुढे चौकशीसाठी सरकारी आयोगसुद्धा नेमला गेला. पानिझ्झीचं म्हणणं असं होतं, की दहा माणसांनी दहा प्रकारे नावं लिहिली, तर शोधणाऱ्याला दहा ठिकाणी शोधावं लागेल. एकाच पुस्तकाच्या निरनिराळ्या आवृत्त्या, भाषांतरं एका जागी दिसायला हवीत. आज हे सहज पटतं, पण तेव्हा त्याला ते भांडून पटवावं लागलं.

त्यानंतर १८७६ साली अमेरिकेत चार्ल्स कटर याने आपले नियम छापले. त्याचं सांगणं थोडक्यात असं, की ग्रंथपालाची सोय दुय्यम, वाचकाची सोय पहिली. लोक ज्या नावाने शोधतील, तिथे पुस्तक सापडलं पाहिजे. दोस्तांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढचे सगळे बदल यातूनच निघाले आहेत.

४४ पानांची पुस्तिका आणि मराठीचा नंबर

त्याच १८७६ साली मेल्विल ड्युई नावाच्या तरुण ग्रंथपालाने एक ४४ पानी पुस्तिका काढली. त्याने जगातलं सगळं ज्ञान दहा भागांत वाटलं आणि प्रत्येकाला आकडे दिले. ५०० म्हणजे विज्ञान, ८०० म्हणजे साहित्य, ९०० म्हणजे इतिहास-भूगोल. तुमच्या शाळेच्या किंवा गावाच्या ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६ असा आकडा दिसला, तर ओळखा, ते मराठी साहित्य. ८९१.४६१ म्हणजे मराठी कविता आणि ८९१.४६३ म्हणजे मराठी कथा-कादंबरी.

पण जरा थांबा. इंग्रजी साहित्याला नुसतं ८२०. आणि मराठीला दशांश चिन्ह लावून एवढा लांब आकडा? कारण सरळ आहे. ड्युईसमोर जी पुस्तकं होती, ती बहुतेक इंग्रजी आणि युरोपातली. त्यांना त्याने ऐसपैस खोल्या दिल्या, बाकीच्यांची सोय माळ्यावर केली! धर्माच्या विभागातही तेच. २०० ते २९९ मधला मोठा भाग ख्रिस्ती धर्माला. हिंदू धर्म २९४.५, बौद्ध धर्म २९४.३ आणि शीख धर्म २९४.६.

आता नांदेडचा विचार करा. इथे गोदाकाठी सचखंड हजूर साहिब गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली इथेच देह ठेवला. नांदेडच्या ग्रंथालयात शीख धर्मावरची पुस्तकं भरपूर असणार. त्या सगळ्यांनी एका आकड्याच्या दशांशात मावायचं! म्हणूनच ड्युईच्या पद्धतीत फेरफार होत गेले. २०११ साली निघालेली तिची २३ वी आवृत्ती चार जाडजूड खंडांची आहे. कुठे ४४ पानं आणि कुठे चार खंड! १८७६ मध्ये संगणक नव्हता. १९८९ च्या २० व्या आवृत्तीत त्याच्यासाठी ००४ ते ००६ हे आकडे दिले. ही झाली मोबाइलच्या कव्हरची जागा!

मेकॅनोचा खेळ पाहून सुचलं

आपल्याकडचे लोक स्वस्थ बसले होते असं समजू नका. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १९१० साली बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं.

आणि मद्रासला होते रंगनाथन. हे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले, की पुन्हा शिकवायला जाऊ द्या म्हणू लागले! पण त्यांना अभ्यासासाठी लंडनला पाठवलं गेलं. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या, चाकं आणि स्क्रू, पण जोडणी बदलली की कधी क्रेन होते, कधी गाडी. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तकांचे विषयही असेच जोडता आले तर? आधीपासून खोल्या बांधून ठेवण्यापेक्षा तुकडे द्यावेत आणि लागेल तशी जोडणी करावी.

१९३३ साली त्यांची ‘कोलन’ पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात साहित्याला ‘ओ’ हे इंग्रजी अक्षर आणि मराठी भाषेला १५५. इंग्रजी असो वा मराठी, सगळ्या भाषांना सारखीच वागणूक: आधी ‘ओ’, मग भाषेचा आकडा, मग कविता की नाटक ते. १९३४ साली त्यांनी तालिकेचे नियमही लिहिले. त्यांचा जन्मदिवस म्हणून १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन पाळतो.

बी. रघुनाथ कुठे सापडतील?

आता येऊ या सगळ्यात अवघड कोड्याकडे. नावं!

इंग्रजी नियम सांगायचे, आडनाव आधी लिहा. ‘कुरुंदकर, नरहर’. सोपं आहे. पण ज्ञानेश्वरांचं आडनाव तुम्ही कधी वापरलं आहे का? संत नामदेवांचं? वामन पंडितांचं घराणं नांदेडचं मानलं जातं, पण त्यांना शोधताना आपण ‘वामन’च म्हणतो. म्हणून नियमाला पुरवणी जोडावी लागली: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे भारतीय लेखक पहिल्या नावाखाली, नंतरचे आडनावाखाली.

झालं का समाधान? नाही. आपल्या मराठवाड्याचे लेखक बी. रघुनाथ यांचंच बघा. त्यांचा जन्म १९१३ चा, परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. ‘बी’ म्हणजे भगवान. रघुनाथ हे वडिलांचं नाव. आता त्यांचं कार्ड कुठे ठेवाल? ‘ब’ मध्ये, ‘र’ मध्ये, ‘भ’ मध्ये की ‘क’ मध्ये? ‘क’ मध्ये ठेवलं, तर कुलकर्ण्यांच्या गर्दीत ते कोणालाच दिसणार नाहीत!

१९०८ साली इंग्लंड-अमेरिकेने मिळून जे नियम केले, त्यांचा कल खऱ्या नावाकडे होता. टोपणनाव दिसलं, की त्यामागचा माणूस शोधायचा. म्हणजे ‘विशाखा’ हा कवितासंग्रह शिरवाडकर या नावाखाली. पुढे १९६७ आणि १९७८ सालच्या नियमांत हे बदलत गेलं. वाचक ज्या नावाने ओळखतो, तेच नाव घ्या. एवढंच नव्हे, लेखकाने वेगवेगळ्या लेखनासाठी मुद्दाम वेगवेगळी नावं घेतली असतील, तर तीही तशीच ठेवा. म्हणून कविता ‘कुसुमाग्रज’ खाली, ‘नटसम्राट’ नाटक ‘शिरवाडकर, वि. वा.’ खाली आणि दोन्हीकडे एक चिठ्ठी: ‘हेही पाहा’.

बायकांच्या नावांचं कोडं तर आणखी वेगळं. लग्नाआधीच्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर आणि १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर या तिघी एकच! लेखिकेने काही लेखन माहेरच्या नावाने केलं आणि काही सासरच्या, तर तिचं अर्धं लेखन वाचकाला कळणारच नाही. ते एकमेकांना जोडून ठेवण्याचं काम तालिकेतली ती छोटी चिठ्ठी करते.

आपल्या शेजारच्या तेलंगणात तर घराण्याचं नाव आधी येतं. माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली. त्यांचं घराण्याचं नाव ‘पामुलपर्ती’, म्हणजे तो पहिला ‘पी’. शेवटचं ‘राव’ हे आडनावच नाही! तसंच शीख लेखकांचं. ‘सिंह’ किंवा ‘कौर’ हे सगळ्यांच्याच नावात असतं. त्यावरून लावायचं ठरवलं, तर एकाच खणात सगळे. म्हणून नियम झाला, की वेगळं आडनाव नसेल तर पहिलं नाव घ्या.

१९६१ साली पॅरिसला ५३ देशांचे ग्रंथपाल जमले आणि त्यांनी एक शहाणपणाचा ठराव केला. माणसाचं नाव कसं लावायचं, हे त्याच्या देशातल्या किंवा भाषेतल्या रीतीवरून ठरवा. दुसऱ्याच्या घरात जाऊन त्याची नावं बदलू नका! आणि गंमत पाहा. शियाली रामामृत रंगनाथन यात शियाली हे गाव, रामामृत वडील आणि रंगनाथन स्वतःचं नाव. म्हणजे नियम करणाऱ्या खुद्द रंगनाथनांनाही आडनाव नव्हतं!

प्रस्तावना लिहिणारे आणि चौथा लेखक

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर हे मोठे विचारवंत. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना फार गाजली. आता कोणी विद्यार्थी कुरुंदकरांचं सगळं लेखन वाचायचं ठरवतो. तालिकेत ‘कुरुंदकर’ काढतो. कादंबरीचं कार्ड फक्त ‘देसाई’ खाली असेल, तर ही प्रस्तावना त्याला कधीच सापडणार नाही. म्हणून चांगला ग्रंथपाल एक जादा कार्ड करतो: ‘कुरुंदकर, नरहर – प्रस्तावना’. हे कार्ड करायचं की नाही, हासुद्धा नियमांचाच प्रश्न.

आणखी एक जुना नियम होता तिनाचा. पुस्तकाला तीनपर्यंत लेखक असतील, तर सगळ्यांची नावं द्या. चार झाले, की पहिल्याचंच नाव लिहा आणि पुढे ‘व इतर’! का? कारण कार्ड छोटं, जागा कमी आणि टाइप करणारा माणूस एकटा. विचार करा, विज्ञानाच्या पुस्तकासाठी चौघांनी सारखीच मेहनत घेतली, पण तिघं ‘इतर’ झाले. २०१० साली नवे नियम आले, त्यात हे बंधन गेलं. संगणकावर जागेची चणचण नसते. नियम मुळात कार्डाच्या आकारामुळे झाला होता. कार्ड गेलं, कारणही गेलं.

उदगीर कोणत्या राज्यात शोधाल?

आता एक कोडं तुमच्यासाठी. समजा, शाळेच्या प्रकल्पासाठी तुम्हाला लातूर जिल्ह्याची १९७१ सालची लोकसंख्या हवी आहे. तालिकेत ‘लातूर जिल्हा’ शोधलं. काहीच नाही! पुस्तक नाही का? पुस्तक आहे. पण लातूर जिल्हा झाला १९८२ साली. त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. म्हणून १९७१ च्या जनगणनेचा खंड ‘उस्मानाबाद’ खाली आहे. आणि २०२३ पासून त्या जिल्ह्याचं नाव आहे धाराशिव!

उदगीरचं याहून मजेशीर. १९५१ च्या जनगणनेत उदगीर शोधायचं तर हैदराबाद राज्य, बीदर जिल्हा. १९६१ साली मात्र महाराष्ट्र राज्य, उस्मानाबाद जिल्हा. आणि आज लातूर जिल्हा. गाव जागचं हललेलं नाही, पण त्याचा पत्ता तीनदा बदलला! मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात राहिला, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. हा सगळा इतिहास तालिकेच्या खणांत उमटलेला असतो.

मग ग्रंथपालाने काय करायचं? पूर्वी संस्थेचं नाव बदललं, की सगळी कार्डं नव्या नावाखाली आणायची पद्धत होती. पुढे नियम बदलला: पुस्तक ज्या वेळचं, त्या वेळचं नाव राहू द्या आणि दोन्ही नावांत पूल बांधा. औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं १९५८ साली. १९९४ मध्ये ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि लातूर-नांदेडची कॉलेजं तिकडे आली. १९७० चा अहवाल हवा असेल, तर तो जुन्या नावाखालीच असणार. पूल नसेल, तर वाचक अर्ध्या रस्त्यावरून परत जाईल.

ग्रंथालयांचे कायदेही असेच बदलत आले. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना १९५५ साली तिथे ग्रंथालयांचा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा आला १९६७ साली. त्यातूनच पुढे गावोगावच्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आणि अनुदान मिळू लागलं.

‘ज्ञ’ कुठे ठेवायचा?

आपल्या बाराखडीत आणि मुळाक्षरांत ‘ज्ञ’ अगदी शेवटी येतो ना? मग ‘ज्ञानेश्वरी’ खणांच्या शेवटी शोधायची. पण ‘ज्ञ’ हा मुळात ‘ज्’ आणि ‘ञ’ यांचा जोड. संगणकाच्या युनिकोडमध्येही तो तसाच लिहिला जातो. म्हणून साध्या संगणकी क्रमवारीत ‘ज्ञानेश्वरी’ शेवटी न जाता ‘ज’ च्या शब्दांच्या मागे जाऊन बसते. शाळेत शिकलेलं मूल शेवटी शोधतं आणि संगणक मध्येच दाखवतो!

शुद्धलेखनाचंही तसंच. १९६२ साली महाराष्ट्रात नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी ‘नांव’, ‘कांहीं’ असं लिहीत. शं. ग. दाते यांनी ध्यास घेऊन १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची जी प्रचंड यादी केली, तिचं नावच ‘मराठी ग्रंथसूचि’. तुम्ही ‘ग्रंथसूची’ असं दीर्घ लिहून शोधलं, तर हट्टी संगणक म्हणेल, असं पुस्तक नाही! नियम सांगतो, की नाव छापलं असेल तसंच उतरवा. म्हणून शेजारी आजच्या लेखनातलं नावही द्यावं लागतं.

नांदेड-लातूरकडच्या जुन्या ग्रंथसंग्रहांत मराठीबरोबर उर्दूही असते, कारण निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. ती लिपी उजवीकडून डावीकडे. मराठी आणि उर्दू कार्डं एका खणात लावणार कशी? म्हणून कित्येक ठिकाणी सगळी नावं रोमन लिपीत लिहिली. त्यात ‘बाल’ आणि ‘बाळ’ एक झाले, ‘नल’ आणि ‘नळ’ही एक! १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि हळूहळू देवनागरी, उर्दू, गुरुमुखी, तेलुगू, सगळ्या लिपी संगणकावर एकत्र नांदू लागल्या. आता नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत लिहिता येतं. कार्डं छापून ग्रंथालयांना पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या ओसीएलसी या संस्थेने २०१५ साली शेवटचं कार्ड छापलं.

किल्लारीचा भूकंप की लातूरचा?

आता जरा गंभीर गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, गावं झोपेत होती. चारच्या सुमारास जमीन हादरली. औसा तालुक्यातलं किल्लारी आणि आजूबाजूची गावं कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. तुमच्या घरातल्या मोठ्यांना ती पहाट आठवत असेल.

या भूकंपावर खूप लिहिलं गेलं. शास्त्रज्ञांनी जमिनीखालच्या हालचालींवर लिहिलं, ते गेलं ड्युईच्या ५५१.२२ मध्ये, भूगर्भशास्त्राच्या कपाटात. मदत आणि पुनर्वसनावर लिहिलं गेलं, ते ३६३.३४ मध्ये, आपत्तींच्या कपाटात. भूकंपातही टिकतील अशी घरं कशी बांधावीत, ही पुस्तकं ६९० च्या पुढे, बांधकामात. कोणी आपल्या गावाची आठवण लिहिली असेल, तर ती साहित्यात नाहीतर चरित्रात. एकच पहाट, पण चार कपाटांत विखुरलेली.

आणि नाव? इंग्रजी पुस्तकांत बहुधा ‘लातूरचा भूकंप’. आपल्या लोकांच्या तोंडी ‘किल्लारीचा भूकंप’. एकाच नावाखाली नोंद केली, तर दुसऱ्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. घर बांधणाऱ्या माणसाला त्या पुस्तकाची खरी गरज असू शकते. दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदाखाली माणसं का दगावली, हे त्यात लिहिलेलं असतं. ते सापडलं नाही, तर नुकसान कोणाचं? तालिकेतली ‘लातूर भूकंप – पाहा – किल्लारी भूकंप’ ही एक ओळ किती मोलाची आहे, हे आता कळलं ना?

नियम बदलतं कोण?

मोठे नियम आंतरराष्ट्रीय समित्या बदलतात. पण त्यांच्यापर्यंत अडचण पोहोचते ती टेबलापलीकडे उभ्या असलेल्या वाचकाकडून. कोणीतरी विचारतं, ‘काका, हे पुस्तक सापडत नाही.’ ग्रंथपाल शोधतात, पुस्तक दुसरीकडेच निघतं, आणि त्यांच्या लक्षात येतं की इथे एक चिठ्ठी कमी आहे. ती चिठ्ठी आपल्या ग्रंथालयात घालायला त्यांना पॅरिसला जावं लागत नाही! म्हणून पुस्तक सापडलं नाही, तर लाजून परत फिरू नका. विचारा. ग्रंथालयात सूचनावही असेल, तर त्यात लिहा.

घरी करून पाहा

घरातली २५ पुस्तकं गोळा करा. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याची सारख्या आकाराची कार्डं कापा. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड करा आणि त्यावर लेखक, नाव, विषय, साल लिहा. मग एका वहीत तुमचे नियम लिहा. टोपणनाव कुठे ठेवणार? ‘ज्ञ’ कुठे? आजीची पोथी, जिच्यावर लेखकाचं नावच नाही, ती कशी लावणार? दोघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक कोणाच्या नावावर?

कार्डं लावून झाली, की खरी परीक्षा. आई, बाबा, आजोबा किंवा शेजारची ताई यांना एखादं पुस्तक शोधायला सांगा. तुम्ही काही बोलायचं नाही, फक्त बघायचं. त्यांनी आधी कुठे हात घातला? तिथे पुस्तक नव्हतं, तर तिथे ‘पाहा’ची चिठ्ठी ठेवा. आई-बाबांनो, तुम्हीही मुद्दाम सोपं करून शोधू नका, तुमच्या सवयीनेच शोधा. तुमची सवय आणि मुलांचा नियम जिथे जुळत नाही, तिथेच त्यांना सगळ्यात जास्त शिकायला मिळेल.

एखादा नियम बदलावा लागला तर खोडरबर वापरू नका. जुन्या नियमावर एक रेघ मारा, खाली नवा लिहा आणि शेजारी तारीख घाला. पुढच्या वर्षी घरात नवी पुस्तकं येतील, तेव्हा ती वही पुन्हा काढावी लागेलच.